नामदार गोखल्यांची माफी

गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातील तो गणिताचा धडा आठवतो. सगळी गणिते बरोबर आली म्हणून गुरुजींनी पाठ थोपटली आणि लहानगा गोपाळ रडू लागला. कारण त्यातले एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडवले होते. थोर माणसांच्या बालपणाला अशा गोष्टी चिकटतातच. धडा संपतो तेथे आपली गोखल्यांशी असलेली ओळखही संपते. पुढे वक्तृत्व स्पर्धेत ‘गांधीजींचे राजकीय गुरू’ एवढे म्हणून आपण त्यांना हार घालतो आणि मोकळे होतो. परंतु एकतीस वर्षांचे असताना याच माणसाला साऱ्या हिंदुस्थानासमोर आणि इंग्लंडासमोर आपले विधान चुकले असे जाहीर करावे लागले, आणि त्या वेळी पाठ थोपटणे तर राहोच, तोंडावर बरे बोलायलाही फार थोडे लोक उरले होते, हे त्या पुस्तकात नसते. गोखल्यांचे चरित्र मला त्या प्रसंगाच्या बाजूने पाहावेसे वाटते.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा. गाव रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातले कोतळूक. वडील कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळराव तेरा वर्षांचे होते. थोरल्या भावाने शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये तो दरमहा कोल्हापूरला धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागला. घरी उरलेल्या सात रुपयांत इतरांचा संसार. आठ रुपयांवर शिकणारा मुलगा कसा राहत असेल याची कल्पना वसतिगृहात राहणाऱ्यांना वेगळी करून द्यायला नको. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले, आणि सरकारी नोकरीची किंवा वकिलीची वाट न धरता पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात मास्तर झाले. टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व त्यांनी १८८६ साली घेतले. वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे असा त्या सदस्यत्वाचा अर्थ होता. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. ज्या विषयाला माणूस नसेल तो विषय गोखल्यांच्या गळ्यात पडे, आणि ते रात्र जागून दुसऱ्या दिवशी तयार होऊन येत. पाठ केल्याखेरीज बोलायचे नाही ही त्यांची सवय वर्गातली आहे. कौन्सिलात ती नंतर गेली.

सार्वजनिक जीवनात त्यांना आणले न्यायमूर्ती रानड्यांनी. रानड्यांच्या हाताखाली शिकणे म्हणजे सरकारी अहवाल वाचायचे, त्यांतले आकडे ताडून पाहायचे, मसुदा लिहायचा, तो नापसंत झाला तर पुन्हा लिहायचा. १८९० साली गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले. आजीव सदस्याने बाहेरची कामे अंगावर घ्यावीत की नाही हा सोसायटीतला जुनाच वाद होता, तो या नेमणुकीने पेटला, आणि त्याच वर्षी टिळक सोसायटीतून बाहेर पडले. म्हणजे चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षीच गोखले पुण्यात एका पक्षाचे ठरले. पुण्यात एकदा असा शिक्का बसला की तो धुतला जात नाही. १८९५ साली सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली आणि पुढच्या वर्षी रानड्यांनी डेक्कन सभा काढली, तिचे चिटणीसही गोखलेच.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. गोखले सुधारकांचे सहकारी, आगरकरांच्या ‘सुधारक’चा इंग्रजी भाग काही काळ त्यांच्याकडे होता, परंतु पहिली पत्नी हयात असताना १८८७ साली त्यांनी दुसरा विवाह केला होता. पहिली पत्नी असाध्य कोडाने आजारी होती आणि घरच्यांचा आग्रह होता हे खरे. पण सुधारणेवर व्यासपीठावरून बोलणाऱ्याचे घर लोक आधी पाहतात, आणि त्यात लोकांची काही चूक आहे असे मला वाटत नाही. गोखल्यांनाही तसे वाटत नसावे. सामाजिक परिषदेत पुढारपण घेण्याचे त्यांनी टाळले, ते या एका सलामुळे.

आता १८९७ सालाकडे येऊ.

त्या वर्षाच्या आरंभी पुण्यात प्लेग पसरला. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली प्लेग कमिटी आली. मार्चच्या मध्यापासून गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. रोगी शोधून इस्पितळात न्यायचा, घरच्यांना वेगळे छावणीत ठेवायचे, घर धुऊन काढायचे, सामान जाळायचे, हे वैद्यकाच्या दृष्टीने काही अंशी आवश्यकही होते. पण भाषा न कळणारा शिपाई बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरला, बायकांना तपासण्यासाठी रस्त्यावर उभे केले गेले, तेव्हा शहराला जे वाटले ते रोगाच्या भीतीहूनही जहाल होते. ‘केसरी’ तर लिहीतच होता. मवाळ पक्षाच्या ‘सुधारक’नेही कडक लिहिले. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातील व्यवस्थेविरुद्ध मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात तक्रार केली.

हे चालले असताना गोखले इंग्लंडात होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेने त्यांना पाठवले होते. तीस वर्षांचा पुण्याचा प्राध्यापक. वाटेत कॅले येथे पडून छातीला जबर मार बसला होता, तरी एप्रिलमध्ये त्यांनी जी साक्ष दिली ती उलटतपासणीत ढळली नाही. त्या साक्षीतील आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी या एका शाळामास्तराची मेहनत होती, हे येथे नमूद केलेच पाहिजे. कारण आकडे जमवणाऱ्याचे नाव टाळ्यांत ऐकू येत नाही. त्या साक्षीने गोखल्यांचे नाव झाले. वर्तमानपत्रवाले त्यांचे म्हणणे ऐकू लागले, पार्लमेंटातले हिंदुस्थानचे मित्र त्यांना बोलावू लागले. त्यांच्या शब्दाला किंमत आली होती, आणि संकट आले ते नेमके त्या किमतीतून.

पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रे येत होती. माणसे विश्वासातली, सुशिक्षित. झडत्यांतील जुलूम तर त्यांत होताच. पण दोन स्त्रियांवर सोजिरांनी बलात्कार केला आणि त्यांपैकी एकीने जीव दिला, असेही कळवले होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली आणि त्याच वेळी आयर्स्ट हा लष्करी अधिकारी ठार झाला. इंग्लंडात एकदम संताप उसळला. पुण्याचे लोक म्हणजे खुनी आणि राजद्रोही, असे चित्र रंगू लागले. त्याच्या मागे काय घडले आहे ते इंग्रज लोकांना कळावे म्हणून गोखल्यांनी जुलैच्या आरंभी ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रापाशी आपले म्हणणे मांडले, आणि त्यात त्या दोन स्त्रियांची हकीगतही सांगितली.

मुंबई सरकारने ताबडतोब इन्कार केला. भारतमंत्र्यांनी पार्लमेंटात हा आरोप दुष्टबुद्धीचा ठरवला. पुरावा आणा, नावे सांगा, अशी मागणी झाली.

या मागणीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. पुरावा द्यायचा म्हणजे पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाने आपल्या लेकी-सुनेला गोऱ्या अधिकाऱ्यांच्या चौकशीपुढे उभे करायचे. त्या काळात, आणि त्या काळातच कशाला, अशी स्त्री साक्ष देऊन परत कोठे जाणार होती? पत्रे लिहिणाऱ्यांची गोष्टही तशीच. रँडच्या खुनानंतर शहरावर जादा पोलीस बसले होते. २७ जुलैला टिळकांना अटक झाली, पाठोपाठ नातू बंधूंना चौकशीशिवाय डांबण्यात आले. अशा वेळी, होय, हे मी लिहिले, असे म्हणत पुढे येणे म्हणजे स्वतःच्या हाताने बेडी घालून घेणे. गोखले बोटीवर होते तेव्हाच त्यांना वाटेत मित्रांचा निरोप मिळाला की आमची नावे उघड करू नका.

३० जुलैला बोट मुंबईला लागली. गोखल्यांनी चौकशी केली. ज्यांच्या भरवशावर बोललो त्यांच्यापैकी कोणीही पाठीशी उभा राहणार नाही, आणि जे कळवले ते त्यांनीही ऐकलेलेच होते, हे उघड झाले. आता त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. नावे सांगून मोकळे व्हायचे आणि मित्रांना सरकारच्या तोंडी द्यायचे, ही एक. गप्प बसायचे, म्हणजे काही दिवसांत लोक विसरतील, ही दुसरी. सार्वजनिक माणसे सहसा हीच धरतात. तिसरी म्हणजे सगळे स्वतःच्या अंगावर घ्यायचे. ४ ऑगस्टच्या सुमारास त्यांचे निवेदन वर्तमानपत्रांतून आले. मिळालेली माहिती आपण सिद्ध करू शकत नाही असे सांगून त्यांनी आरोप मागे घेतला आणि गव्हर्नरची, प्लेग कमिटीच्या सभासदांची व प्लेगच्या कामावर असलेल्या सोजिरांची बिनशर्त माफी मागितली. कोणाचेही नाव त्यांनी घेतले नाही.

त्यानंतर जे झाले ते विलक्षण होते. अँग्लो-इंडियन पत्रांनी त्यांना खोटारडे ठरवले. आपल्या लोकांनी भित्रे ठरवले. त्यात टिळकांचा खटला समोरच चालू. माफी मागितली तर सुटका होईल असे टिळकांना सुचवले गेले होते. त्यांनी ते झिडकारले आणि सप्टेंबरात अठरा महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. एकाच शहरातले, एकाच कॉलेजात शिकवलेले दोघे चित्पावन प्राध्यापक. एक माफी न मागता तुरुंगात गेला, दुसरा माफी मागून घरी राहिला. जनमनाला यापेक्षा सोपे चित्र कोणते हवे होते? वास्तविक दोघांचे प्रश्न वेगळे होते. टिळकांनी आपले मत लिहिले होते, आणि मताबद्दल माफी मागायची नसते. गोखल्यांनी एक घटना घडल्याचे सांगितले होते, आणि घटनेला पुरावा लागतो. पण एवढा भेद चव्हाट्यावर कोण करीत बसतो! त्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली तेव्हा मंडपातील वातावरण त्यांच्याविरुद्ध इतके कडवट होते की जवळच्या मंडळींनाही त्यांना पुढे करणे अवघड झाले.

आज इतक्या वर्षांनी त्या माफीकडे पाहताना मला दोन गोष्टी म्हणाव्याशा वाटतात. सिद्ध न होणारा आरोप मागे घेणे हे बरोबरच होते; त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी, नावे सांगून स्वतःची कातडी वाचवण्याची वाट त्यांना मोकळी होती आणि ती त्यांनी घेतली नाही, हे विसरू नये. पण माफी जितकी पसरट झाली तितकी ती व्हायला नको होती, हेही तितकेच खरे. दोन स्त्रियांची हकीगत मागे घेतल्याने देवघरातले बूट खोटे ठरत नव्हते. रस्त्यावर उभ्या केलेल्या बायका खोट्या ठरत नव्हत्या. बिनशर्त माफीने सरकारला साऱ्याच तक्रारींवर बोळा फिरवायला साधन मिळाले. माणूस अतिशय प्रामाणिक असला की स्वतःला शिक्षा करताना त्याला प्रमाण राहत नाही, आणि त्याची किंमत कधी कधी इतरांनाही द्यावी लागते. त्या दोन स्त्रिया होत्या की नव्हत्या, हा प्रश्नही त्या माफीबरोबर मिटला. नंतर तो कोणी विचारला नाही.

गोखल्यांनी राजकारण सोडून कॉलेजातच राहावे असा विचार त्यांच्या मनात आला असेल तर नवल नाही. पण पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा हाच माणूस स्वयंसेवक घेऊन घरोघर हिंडला. सभा नाहीत, लेख नाहीत. आजाऱ्यांची व्यवस्था आणि लोकांची समजूत. १८९९ साली ते मुंबई कायदेकौन्सिलवर निवडून आले. १९०२ साली फिरोजशहा मेहतांच्या जागी कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलात गेले. त्याच वर्षी फर्ग्युसनमधून दरमहा तीस रुपये पेन्शनवर निवृत्त झाले.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकार शिल्लक दाखवून पाठ थोपटून घेत होते. गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले की ही शिल्लक म्हणजे भरभराट नसून गरीब रयतेकडून गरजेपेक्षा जास्त काढलेला कर आहे; दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत तिजोरी भरते याचा अर्थ दुसरा होऊच शकत नाही. त्या भाषणात ऐकीव असे एक वाक्य नव्हते. पुढची वर्षानुवर्षे त्यांची अर्थसंकल्पावरील भाषणे अशीच झाली. १९०३ साली मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, प्राप्तिकराची मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. मिठाचा कर पुढे आणखी उतरून १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. याचे सगळे श्रेय एका माणसाला देणे बरोबर नाही, पण ही मागणी कौन्सिलात दर वर्षी कोण लावून धरीत होते हे सर्वांना माहीत होते. १८९७ साली तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पीत होता असे कोणी म्हणेल. मला वाटते तो नुसता फुंकत नव्हता. पुरावा मागणाऱ्या सरकारला त्याच्याच दप्तरातील पुराव्याने बांधून घालण्याची विद्या त्याने साधली होती.

टीका मात्र सुटली नाही. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापला, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. दोनच वर्षांत सुरतेला काँग्रेस फुटली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गोखले विलायतेत होते, आणि टिळकांना पकडवण्यात त्यांचा हात होता अशी कुजबूज पुण्यात सुरू झाली. तिला आधार नव्हता, पण कुजबुजीला तो लागतो कुठे? ‘हिंदू पंच’ या पत्राने मर्यादा सोडली तेव्हा १९०९ साली त्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. निकाल त्यांच्या बाजूने लागला. एकेकाळी पुराव्यावाचून बोलल्याचे प्रायश्चित्त त्यांनी स्वतः घेतले होते; आता पुराव्यावाचून बोलणारे समोरच्या बाजूला होते.

१९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. देशभरातून मते मागवली गेली, सभा झाल्या, ठराव झाले. १९१२ च्या मार्चमध्ये ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. विरोधात सरकारी सभासद होतेच, पण बडे हिंदी जमीनदारही होते. बिल पडणार हे गोखल्यांना ठाऊक होते. तरी ते लोकांपुढे ठेवून वर्षभर चर्चा घडवली, एवढे काम झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गांधींच्या विनंतीवरून ते दक्षिण आफ्रिकेत गेले, आणि येथे १८९७ चीच गोष्ट जणू उलट्या बाजूने घडली. गिरमिटमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर ही तेथली मोठी जाच होती. जनरल बोथा व स्मट्स यांच्या भेटीनंतर कर रद्द होणार असे गोखल्यांनी बाहेर येऊन सांगितले. गांधींना त्याची खात्री वाटत नव्हती. लेखी काही नव्हते. पुन्हा एकदा दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनी आपला शब्द दिला होता. पुढच्या वर्षी स्मट्सनी असे वचन दिल्याचे नाकारले. या वेळी मात्र कोणी गोखल्यांना खोटे म्हणाले नाही. त्यांच्या शब्दाचा अपमान हा हिंदी लोकांचा अपमान मानून गांधींनी तो कर सत्याग्रहाचा विषय केला. १९१३ साली खाणींतील आणि मळ्यांतील हजारो मजूर संपावर गेले, स्त्रिया तुरुंगात गेल्या. इकडे मधुमेहाने खंगलेले गोखले अंथरुणावरून उठून त्या लढ्यासाठी पैसे जमवीत होते. १९१४ साली कर रद्द झाला. त्याच दौऱ्यात त्यांनी फार सोडून दिले अशी टीका मुंबईत फिरोजशहांसारख्या स्वकीयांनीच केली होती, ती त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतली.

सर ही पदवी त्यांनी १९१४ साली नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी रात्री पुण्यात त्यांचे निधन झाले. वय एकूणपन्नासच्याही आत. टिळक मंडालेहून सुटून आले होते आणि त्या वेळी सिंहगडावर होते. बातमी कळताच ते गडावरून उतरले आणि स्मशानात येऊन बोलायला उभे राहिले. जमलेल्या गर्दीत वर्षानुवर्षे गोखल्यांना शिव्या मोजणारेही पुष्कळ होते. टिळकांनी त्यांना सांगितले की ही वेळ अश्रू ढाळण्याची आहे, आणि चितेवरच्या माणसाला हिंदुस्थानचा हिरा म्हटले. लोक मान खाली घालून ऐकत होते.